आडवा चालणारा साप

साहेब, तो नाला तुम्ही बुजवलात. पावसाने नाही, समुद्राने नाही. बिल्डरनेसुद्धा नाही. बिल्डर काही कुणाचा सोयरा नसतो, पण तो निदान मजले चढवायला जमीन बुजवतो. तुम्ही बुजवलात ते पालिकेच्या बागेची फीत कापायला. भाईंदरजवळच्या राई गावाच्या मागच्या अंगाला, चाळीला लागून खाडीपर्यंत जाणारा तो नाला चांगला पंधरा फूट रुंद होता. भरतीचं पाणी त्यातून यायचं, ओहोटीला त्यातूनच परत जायचं, आणि चाळीला त्याचा पत्ताही लागायचा नाही. तुम्ही त्यात डेब्रिजचे डंपर ओतले, वर दोन बाकडी आणि एक झोपाळा ठेवलात, आणि खाडीला ये-जा करायला खालून नऊ इंची पाइप टाकलात. अख्ख्या खाडीला नऊ इंच. त्यापायी सुगंधाच्या घरात काय घडलं ते तुमच्यापर्यंत कुणी आणलं नसणार. आणणार कोण? तेव्हा ऐका.

सुगंधा मूळची देवरुखकडची. लग्न करून या चाळीत आली त्याला बावीस वर्षं झाली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती पॅकिंगला आहे. भांडं पुसायचं, स्टिकर लावायचा, खोक्यात भरायचं. नवरा सदू टाइल्स बसवतो. मुलगी सलोनी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिघांचं घर म्हणजे पुढची खोली, मागे ओटा, आणि ओट्याच्या बाजूला मागचं दार. ते दार पूर्वी नाल्यावर उघडायचं, आता तुमच्या बाकड्यांवर उघडतं.

कोजागिरीचा दुसरा दिवस होता. कारखान्याला वीज नव्हती म्हणून सुगंधा घरी. आभाळात ढगाचा तुकडा नाही, ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. आणि दुपारी बाराच्या सुमाराला मागच्या दाराखालून पाणी आत आलं. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते. हे पाणी खारं होतं. पुनवेच्या उधाणाचं पाणी पाइपात मावलं नाही, बाकड्यांना वळसा घालून चाळीत शिरलं. गेल्या वर्षापासून हे सुरू झालंय आणि दर खेपेला बोटभर वर चढतंय. शेजारणी खुर्च्यांवर पाय घेऊन बसायला शिकल्यात. पाण्याबरोबर निवट्या येतात, त्या चिखलात उड्या मारणाऱ्या, बटबटीत डोळ्यांच्या मासळ्या. गेल्या खेपेला सुगंधाने दहा-बारा पकडून कालवणही केलं होतं. गरिबाला घरपोच मासळी, असं सदू म्हणाला होता.

या खेपेला निवट्यांच्या मागून आणखी कुणीतरी आलं.

सलोनी कॉटखालून आपली पुस्तकं ओढून काढत होती. घोट्याभर पाण्यात अनवाणी उभी. एकदम तिने पाय झटकला आणि म्हणाली, "आई, काहीतरी चावलं." घाबरून नाही, वैतागून म्हणाली. सुगंधाने वळून बघितलं. कॉटखालून हातभर लांबीचा मातकट साप निघाला, उंबऱ्याजवळच्या उंच लादीवर चढला. तिथे नुसता ओलावा होता, पाणी नव्हतं. आणि त्या लादीवरून तो सरळ गेला नाही. अंगाचे वेढे टाकत आडवा गेला.



आडवा चालणारा साप तिला माहीत होता. तिच्या गावाकडे कातळाचा सडा आहे. मैलभर नुसता दगड, त्यावर वीतभर गवत. त्या दगडांखाली फुरसं असतं. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, आडवं चालणारं. त्या मुलखात पोर चालायला लागलं की आधी हे शिकवतात: आडवा गेला तर फुरसं, लांब राहा. सुगंधा अकरा वर्षांची असताना तिचा बाप गवत कापायला सड्यावर गेला होता, त्याच्या बोटाला फुरसं चावलं. पहिल्या दिवशी तो हसत होता. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. टॉवेल धरून सुगंधा बसली होती. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्यामुळे तिला विचार करायला काहीच नव्हतं. ओट्यावर कारखान्यातून घेतलेला दहा लिटरचा टोप होता, स्टिकरसकट. तो उचलून तिने सापावर पालथा मारला आणि वर वरवंटा ठेवला. मग परकराची नाडी काढून सलोनीच्या गुडघ्याखाली आवळली. अशी आवळली की नाडी मांसात रुतली. बापाच्या वेळी कुणी बांधलं नव्हतं, ही बोच तिला तीस वर्षं होती.

"आई, दुखतंय."

"दुखू दे," सुगंधा म्हणाली.

समोरच्या खोलीतला पिंटू रिक्षा चालवतो. त्याने रिक्षा वरच्या रस्त्यावर लावलेली होती म्हणून ती सुरू तरी झाली. सुगंधाने जाता जाता सदूला फोन लावला. तो डोंगरी गावात एका बंगल्याच्या कामावर होता. ती एवढंच म्हणाली की सलोनीला फुरसं चावलंय. सदूही तिच्याच मुलखातला. पलीकडे ग्राइंडर बंद झाला आणि सदू म्हणाला, निघालो.

पिंटूने रिक्षा आधी तुमच्या पालिकेच्या दवाखान्यात घातली, साहेब. जवळचा तोच. तिथे काय झालं तेही ऐका. कंपाउंडर भला माणूस होता, तोंड लपवत बोलत होता. म्हणाला, सापाची लस आहे, फ्रिजमध्ये आहे. फ्रिजला कुलूप आहे. किल्ली मोठ्या डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये आहे, ड्रॉवरलाही कुलूप आहे, आणि डॉक्टर मीटिंगला गेलेत. कसली मीटिंग, तर साथीच्या रोगांची. सुगंधाने त्याला विचारलं की कुलूप कशासाठी. तो म्हणाला, मागे कुणीतरी त्यात आइस्क्रीम ठेवायचं म्हणून.

तोवर सलोनीचा पाय गुडघ्यापासून खाली सुजून दुधीसारखा झाला होता. बोटं निळसर पडली होती. सुगंधाने ते बघितलं. चढलं, ती पुटपुटली. पिंटूने रिक्षात मागे वळून बघितलंही नाही. हॉर्नवरचा हात न काढता त्याने मीरा रोडच्या बाजूच्या मोठ्या इस्पितळापर्यंत गाडी नेली. वाटेत सलोनी एकदाच बोलली. मोबाइल पाण्यात पडलाय, तांदळात ठेवायला कुणाला तरी सांग म्हणाली. सुगंधाने तिचं डोकं छातीशी धरलं. पोरीला कळत नाहीये हेच बरं, असं तिला वाटलं.

इस्पितळात डॉक्टर रसिका म्हणून एक तरुण बाई होती. इतकी लहान दिसत होती की सुगंधाला वाटलं, ही शिकाऊ असणार, आता मोठ्या डॉक्टरला बोलवेल. तिने कुणाला बोलवलं नाही. पाय उचलून बघितला, आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"मी," सुगंधा म्हणाली. "घट्ट बांधलंय, सुटणार नाही."

डॉक्टरने एका बाजूला सलाइनची सुई लावून घेतली आणि मग नाडी हळूहळू सैल करायला लागली. सुगंधाने तिचा हात धरला. विष वर जाईल, ती म्हणाली. डॉक्टरने हात सोडवून घेतला नाही, तसाच राहू दिला, आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं. बोलता बोलता सांगितलं की असं आवळायचं नसतं. रक्तच अडलं की पाय सुजणार, निळा पडणार, साप चावला असो वा नसो. बांधून पाय जायची वेळ आलेली माणसं तिने बघितली होती. पाय हलू न देता सरळ इस्पितळात आणायचं, एवढंच.

मग तिने साप कसा होता ते विचारलं. सुगंधाने सगळं सांगितलं. हातभर, मातकट, आडवा चालत गेला. फुरसंच, डॉक्टर, मला आयुष्यात दुसरी खात्री नाही एवढी ही आहे. माझा बाप त्यानेच गेला. हिरड्यांतून रक्त.

डॉक्टरने सलोनीच्या हिरड्या बघितल्या. मग तिने लस आणून तयार ठेवायला सांगितली आणि नर्सकडे काचेची नळी मागितली. प्लास्टिकची नको, काचेची, कोरडी. सलोनीच्या दंडातून रक्त काढून त्या नळीत घातलं, नळी स्टँडमध्ये उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. फुरशाचं विष अंगात असेल तर रक्त गोठत नाही. वीस मिनिटं या नळीला कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी मी ती वाकडी करेन, ती म्हणाली. आतलं रक्त वाहिलं तर ताबडतोब लस. गोठलं असेल तर लस द्यायची नाही, कारण लसही अंगावर येऊ शकते. त्याआधी काही बिघडतंय असं दिसलं तर वीस मिनिटंही थांबणार नाही.

न गोठणारं रक्त कसं असतं ते सुगंधाला सांगावं लागलं नाही. तो टॉवेल तिने धरला होता.

ती नळीसमोर बसली. पाच मिनिटं गेली. घड्याळाचा सेकंदकाटा अडखळत चालत होता, की तिलाच तसं वाटत होतं. नळीतलं रक्त काळपट दिसत होतं, पण पातळ की घट्ट, नुसतं बघून कळत नव्हतं. सलोनी म्हणाली, आई, तू अशी बघत बसलीस तर ते लाजून गोठायचंच नाही. सुगंधाला हसू आलं नाही.

तेवढ्यात दारावर गडबड ऐकू आली. राईचे बबनकाका आले होते. बबनकाका म्हणजे सत्तरीचा माणूस. चाळीच्या पलीकडे त्यांचं जुनं घर. आधी मिठागरात कामाला, मग खाडीत जाळं लावायचं, आता गुडघ्यांमुळे दोन्ही बंद. चाळीतल्या कुणीतरी त्यांना बोलवलं होतं, त्यांनी टोप उचलून साप बघितला होता आणि तो लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत घालून, झाकणाला भोकं पाडून, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून इथवर आले होते. वॉचमन त्यांना आत सोडेना. एका पेशंटला एकच नातेवाईक, तो म्हणत होता, और साँप तो बिलकुल नहीं. बबनकाका म्हणाले, ठीक हाय, मी बाहेर थांबतो, मग यो तू संभाळ, आणि बरणी त्याच्या टेबलावर ठेवली. वॉचमनने दोघांनाही आत सोडलं.

सुगंधा बरणी बघून उठून उभी राहिली.

बबनकाकांनी तिला आधी बसायला लावलं. मग विचारलं, "टोपाखाली गेल्यावर त्यानं आवाज केला? करवत घासल्यावानी?"

सुगंधाने आठवून बघितलं. फुरसं डिवचलं की अंगाला अंग घासतं, त्याचा तो खरखर आवाज लांबूनही ऐकू येतो. बापाने गवतात तो आवाज ऐकला होता, म्हणून तर त्याने हात मागे घेतला होता, पण उशिरा. इथे आवाज नव्हता. टोपाखाली एकदा काहीतरी सरकल्यासारखं झालं होतं, बस.

"न्हाय केला ना? कसा करंल," बबनकाका म्हणाले. "अगो, यो आमच्या खाडीच्या खाजनातला हाय. तिवराच्या झाडाच्या मुळात राहतो, निवट्या खातो. चिखलात सरल चालाया जमत न्हाय म्हनून आडवा चालतो. तुझ्या कातलावर ऊन लागतं म्हनून तुझा आडवा चालतो. दोघांची चाल एक, घर एक न्हाय. फुरसं खाऱ्या पान्यात कशाला उतरंल?"

"काका, माझा बाप गेलाय त्याने."

"त्यानं गेला. यानं न्हाय." त्यांनी पँट वर करून पोटरी दाखवली. तिच्यावर बारीक पांढरे ठिपके होते, ओळीत. जाळं ओढताना पाच-सहा वेळा चावला असेल, ते म्हणाले, कधी मोजला नाही. डॉक्टरने ती पोटरी बघितली, मग सलोनीचा घोटा बघितला. घोट्यावरही तशीच बारीक दातांची ओळ होती. दोन खोल भोकं नव्हती. डॉक्टरच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. पण ती म्हणाली, मी नळीचं ऐकणार.

अजून आठ मिनिटं होती. सुगंधाला बबनकाकांवर विश्वास ठेवायचा होता आणि ठेववत नव्हता. बावीस वर्षं ती या खाडीच्या काठावर राहिली होती. खाडीतलं काय काय शिजवून खाल्लं होतं तिने. आणि खाडीतला साप एकदाही ओळखीचा झाला नव्हता, कारण डोळ्यांत गावचाच साप बसलेला होता. हे कळत होतं, तरी डोळे नळीवरून हलत नव्हते.

वीस मिनिटं झाली. डॉक्टरने नळी उचलली आणि सावकाश वाकडी केली.

आतलं काहीच हललं नाही. तिने अजून वाकडी केली. मग पूर्ण उलटी केली. रक्ताची गुठळी तळाशी चिकटून बसली होती, जांभळाच्या गरासारखी. एक थेंब खाली आला नाही.

"गोठलंय," डॉक्टर म्हणाली.

सुगंधाने नळी स्वतःच्या हातात मागून घेतली. उलटी धरली. सुलटी केली, परत उलटी धरली. मग ती तिथेच फरशीवर बसली आणि रडायच्या ऐवजी हसायला लागली, पदर तोंडात कोंबून. सलोनी म्हणाली, आता तरी कुणीतरी वडापाव आणा, सकाळपासून कोजागिरीच्या उरलेल्या दुधावर आहे मी. पिंटू म्हणाला, दो लाता हूँ, आणि सहा घेऊन आला.

सदू पोहोचला तेव्हा त्याच्या हातांवर सिमेंट वाळून तडकलं होतं. पिंटूने त्याला फोनवर इस्पितळ सांगितलं होतं. डोंगरीहून बस, मग शेअर रिक्षा, आणि शेवटचा तुकडा तो पळत आला होता. दारात थांबला. आत यायचं धाडस त्याला होईना. मग त्याला कॉटवर बसून वडापाव खाणारी मुलगी दिसली आणि बायको दिसली, एक हात मुलीच्या पायावर आणि दुसऱ्या हातात रक्ताची नळी. पायाची सूज नाडी सुटल्यापासून उतरायला लागली होती. बोटं परत बोटांच्या रंगाची झाली होती. त्याने बेसिनवर जाऊन हात धुतले, बराच वेळ धूत राहिला, तोंडही धुतलं. मग सलोनीने मोबाइल पाण्यात पडल्याचं सांगितलं, तेव्हा म्हणाला, कुठाय तो, तांदळात ठेवलाय का कुणी.

डॉक्टरने सलोनीला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. नळीची परीक्षा पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी रक्त शहाण्यासारखं गोठलं. या सापाला थोडं विष असतं, पण माणसाला त्याचं भय नाही, तिने समजावलं. म्हणून घरी बसायचं असं मात्र नाही, ओळखणारा बबनकाका प्रत्येकाच्या शेजारी नसतो. सुगंधा इस्पितळाच्या बाकावर आडवी झाली ती सकाळपर्यंत उठलीच नाही. मधे नर्सने पाय मुडपून घ्या म्हणून दोनदा हलवलं, ते तिला आठवतही नाही. किती वर्षांनी अशी झोप लागली, असं तिने सदूला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सलोनीला घरी आणल्यावर सुगंधा बबनकाकांकडे गेली. त्यांनी साप पिंपात ठेवला होता, सोबत चार निवट्या सोडल्या होत्या. आता तीन उरल्या होत्या. ओहोटी होती. साप परत बरणीत घालून दोघं तिवरांपर्यंत चालत गेले, तुमच्या झोपाळ्यावरून, बाकड्यांमधून. पाइपाच्या तोंडाशी डायपर, थर्माकोल आणि मखराचा एक तुकडा अडकला होता, त्यामुळे नऊ इंचांचे तीन उरले होते. सुगंधाने बरणी स्वतः आडवी केली. साप बाहेर आला, थोडा थांबला, आणि मऊ चिखलावरून वेढे टाकत आडवा निघून गेला. मागे चिखलात तिरक्या रेघा उरल्या. तिला भीती वाटली नाही. छान चालतो की, ती म्हणाली.

तिथून ती घरी गेली नाही. बबनकाकांना घेऊन पालिकेत तुमच्या ऑफिसात आली.

तुम्ही तिचं सगळं ऐकलंत, साहेब, हे मान्य. चहासुद्धा विचारलात. मग हसून म्हणालात, "साप बिनविषारी निघाला ना? मुलगी बरी आहे ना? मग तक्रार कसली?"

सुगंधा म्हणाली, "साप चांगला होता, म्हणून पोर वाचली. तुम्ही काय केलंत?"

तुम्ही मोबाइल उचललात. बबनकाकांनी शांतपणे सांगितलं की दिवाळीच्या अमावास्येला पुन्हा उधाण आहे, दुपारीच आहे, आणि यापेक्षा वर चढेल. तिवरात फक्त हाच साप राहत नाही. पाण्याला वाट नसेल तर जे काही जिवंत आहे ते सुकी जागा शोधत वर येतं, माणसासारखंच. नाला उकरायला त्यांच्या हिशेबाने चार दिवस लागतील आणि एक जेसीबी. बाकडी दुसरीकडे ठेवता येतात. झोपाळाही.

तुम्ही म्हणालात, प्रस्ताव पाठवू.

तेव्हा सुगंधाने भिंतीजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली, तुमच्या टेबलासमोर ठेवली आणि बसली. पिशवीतून डबा काढून मांडीवर ठेवला. काचेच्या नळीसमोर वीस मिनिटं बसलेली बाई आहे ती, साहेब. तिला थांबता येतं.

नाला कोणत्या तारखेला उघडणार? फ्रिजची किल्ली कुणाकडे राहणार? दिवाळीच्या आधी उत्तर हवंय. सांगा.